कागदावरचा सुतार

मोहिद्दीनला सुतार मी केलं. हे आधीच सांगून टाकते, कारण अशा गोष्टीत सगळे कंपनीला, सरकारला आणि नशिबाला शिव्या घालतात आणि फॉर्म भरणारी बाई नामानिराळी राहते. ती बाई मी, सुनेत्रा. त्र्याण्णव साली अल क्वोजमधल्या एका बांधकाम कंपनीत मी ॲडमिन बघत होते. दोन खोल्यांचं ऑफिस, मागे फळ्या आणि सळयांचं यार्ड, त्यापलीकडे कामगारांचा कॅम्प. दुबई म्हटलं की पुण्याच्या नातेवाइकांच्या डोळ्यांपुढे जे काही उभं राहतं, त्यातलं तिथून काही म्हणजे काही दिसत नव्हतं. एसी मात्र एवढा गार, की मी भर जूनमध्ये स्वेटर घालून बसायची.

बाहेरून माणूस आणायचा तर आधी लेबर मिनिस्ट्रीकडून कोटा मंजूर करून घ्यावा लागे. कोटा नुसत्या डोक्यांचा नसे, धंद्यांचा असे. इतके गवंडी, इतके सुतार, इतके फोरमन. प्रत्येक धंद्याला यादीत एक नंबर. तो नंबर फॉर्मवर टाकला की माणूस पुढची तीन वर्षं तोच. पासपोर्टावर तेच, लेबर कार्डावर तेच. हे काम इतकं कंटाळवाणं होतं की मी फोन खांद्यावर धरून नवऱ्याला भाजीची यादी सांगत सांगत नंबर टाकायची. आता आठवलं की माझीच मला चीड येते.

त्या वर्षी मुदीरला, म्हणजे आमच्या मॅनेजरला, पंधरा दिवसांत ड्राफ्ट्समन हवा होता. नवी साइट सुरू होणार आणि ड्रॉइंग काढायला हात नाही. मुंबईच्या एजंटने मोहिद्दीनचं नाव पाठवलं. रत्नागिरीचा आयटीआय, ड्राफ्ट्समन सिव्हिल, चार वर्षांचा अनुभव, वय सव्वीस. माणूस अगदी हवा तसा. पण आमचा ड्राफ्ट्समनचा कोटा संपलेला. नवा मागायचा तर दीड महिना, शिवाय त्या नंबराला सर्टिफिकेट लागे, तेही मुंबईचा शिक्का, दिल्लीचा शिक्का, वकिलातीचा शिक्का असं सगळं होऊन आलेलं. शटरिंग कारपेंटरच्या मात्र चार जागा शिल्लक होत्या. काँक्रीट ओतण्याआधी फळ्यांचा साचा बांधतात, ते करणारा सुतार. त्याला कसलंच सर्टिफिकेट लागत नाही.

आमचा मंदूब हमदुल्ला सरकारी कचेऱ्यांत कंपनीची कामं करून आणायचा. पेशावरकडचा माणूस, अरबी फाडफाड. तो म्हणाला, "मॅडम, टेन्शन मत लो. आदमी को अंदर आने दो, बाद में चेंज कर लेंगे."

त्या काळी अर्धं गल्फ ह्या एका वाक्यावर चाललेलं होतं. आमचा टाइमकीपर पासपोर्टावर मेंढपाळ होता. समोरच्या गॅरेजचा अकाउंटंट हेल्पर होता. माझ्या स्वतःच्या व्हिसावर हाउसवाइफ असा शिक्का आणि मी आठ तास तिथे राबत होते. कागदाला कोण विचारतो, अशीच सगळ्यांची समजूत. तरी मी मोहिद्दीनला विचारलं, हे माझ्या बाजूने एवढंच सांगता येईल. त्याच्या गावच्या वाण्याकडे फोन होता, तिथे निरोप ठेवून दुसऱ्या दिवशी बोलले.

"कागदावर सुतार लिहावं लागेल हो. चालेल का?"

"ऑफिसात बसून ड्रॉइंगच काढायचं ना, ताई?"

"तेच काढायचं."

"मग झालं तर. कागदाचा काय येवढा?"

मी नंबर टाकला. हमदुल्लाने फॉर्म टायपिंग सेंटरमधून अरबीत टाइप करून आणला. नवव्या दिवशी व्हिसा हातात. मुदीरने मला शाबासकी दिली आणि मी ती घेतली.

मोहिद्दीन आला तो शर्ट इन करून, खिशाला तीन पेनं लावून. सडपातळ, बोलायला कमी, हसला की मान खाली घालणारा. टेबलावर ट्रेसिंग पेपर चिकटवायचा आणि मग तासभर त्याला हाक मारली तरी ऐकू जात नसे. त्याची अक्षरं छापल्यासारखी. आमच्या इंजिनियरांची ड्रॉइंग वाचताना साइटवरचे फोरमन डोक्याला हात लावायचे, मोहिद्दीनचं ड्रॉइंग आलं की गप्प कामाला लागायचे. सुट्टीवरून येताना माझ्यासाठी सुकवलेले सोडे आणायचा. मी करामा भागातल्या आमच्या घरी ते परतायला घेतले की वैभवी, माझी लेक, नाक दाबून "आई, द होल बिल्डिंग कॅन स्मेल इट" म्हणत बाल्कनीत पळायची आणि जेवताना दुसऱ्यांदा वाढून घ्यायची.

पंचाण्णव साली त्याचं लग्न झालं. हमीदा दहावी झालेली, तिचे वडील उर्दू शाळेत मास्तर. त्यांनी मुलगी दिली ती मुलगा दुबईत ऑफिसात बसतो आणि बायकोला सोबत नेणार आहे, ह्या बोलीवर. मोहिद्दीनने ती बोली मनापासून दिली होती. परत आला तेव्हा त्याचे पाय जमिनीला लागत नव्हते. बायको आणायची तर पगार चार हजार दिरहम लागतो, म्हणजे तेव्हाचे चौतीस-पस्तीस हजार रुपये. मुदीरने तेवढा करून दिला, कारण त्याच्या ड्रॉइंगवाचून साइट हलत नव्हती. शारजात एक खोली बघून ठेवली. पडदे घेतले. मला दाखवायला ऑफिसात घेऊन आला, निळ्या फुलांचे.

मीच त्याचे कागद लावून दिले. तो इमिग्रेशनला गेला आणि तासाभरात परत आला. काउंटरवरच्या माणसाने पासपोर्ट उघडला, एक बोट ठेवलं आणि म्हणाला, "नज्जार. नो फॅमिली. खलास."

नज्जार म्हणजे सुतार. मजूर वर्गातल्या धंद्यांना बायकामुलं आणता येत नाहीत, पगार कितीही असो. हा नियम मला ठाऊक नव्हता असं नाही. भरताना डोक्यातच आला नाही. सव्वीस वर्षांच्या माणसाचं पुढे लग्न होईल, एवढं साधं मला सुचू नये?

तो चिडला असता तर मला बरं वाटलं असतं. तो म्हणाला, "ताई, बाद में चेंज म्हनले होते ना हमदुल्लाभाय? मग करू या चेंज." त्याने सर्टिफिकेट गावाहून मागवलं, शिक्क्यांसाठी मुंबई-दिल्ली फिरवलं आणि शहाण्णवच्या रिन्यूअलला आम्ही धंदा बदलायचा अर्ज केला. मी स्वतः हमदुल्लाबरोबर गेले. टेबलामागचा अधिकारी सज्जन होता. त्याने सगळं नीट वाचलं आणि एकच प्रश्न विचारला. हमदुल्लाने तो मला हिंदीत सांगितला.

"पूछता है, तीन साल ये आदमी कंपनी में क्या काम करता था?"

ड्राफ्ट्समनचं काम करत होता म्हणावं, तर परवाना सुताराचा असताना दुसरं काम करून घेतलं म्हणून कंपनीला दंड आणि मोहिद्दीनची रवानगी. सुतारकाम करत होता म्हणावं, तर मग तीन वर्षं सुतारकाम केलेला माणूस आज अचानक ड्राफ्ट्समन कसा, अर्ज नामंजूर. हमदुल्ला माझ्या तोंडाकडे बघत होता. मी म्हटलं, सुतारकाम. अधिकाऱ्याने मान हलवून फाइल आमच्याकडे सरकवली. खरं सांगितलं असतं तर काय झालं असतं, ह्याचा विचार मी पुढे कितीतरी वर्षं केला. काहीही चांगलं झालं नसतं. तरीपण.

आणि मग त्याच वर्षी सगळंच कडक झालं. बेकायदा राहणाऱ्यांना सरकारने मुदत दिली, लाखो माणसं देश सोडून गेली, आणि मुदत संपल्यावर तपासण्या सुरू झाल्या. नोव्हेंबरात एक इन्स्पेक्टर आमच्या ऑफिसात आला. कोण कुठल्या टेबलाशी बसलंय आणि त्याच्या कार्डावर काय आहे, एवढंच तो बघत होता. मोहिद्दीन चाळीस मिनिटं टॉयलेटमध्ये बसून राहिला. बाहेर त्याच्या टेबलावर अर्धवट ड्रॉइंग, शाई अजून ओली. मी म्हटलं, इंजिनियरसाहेबांचं आहे. इन्स्पेक्टर गेला, पण मुदीरची पाचावर धारण बसली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने फर्मान काढलं. मोहिद्दीन साइटवर जाणार. कार्डावर जे आहे तेच काम करणार. पगारही सुताराचा.

"किती दिवस?" मोहिद्दीनने विचारलं.

"इन्शाल्ला, थोडे दिन," मुदीर म्हणाला.

इन्शाल्लाचा अर्थ कुणाच्या तोंडून आला त्यावर अवलंबून असतो, हे गल्फमधल्या पोराटोरांनासुद्धा कळतं.

पहिल्या आठवड्यात त्याने अंगठ्यावर हातोडा मारून घेतला. सोबतचे सुतार केरळचे आणि बिहारचे, त्यांनी त्याची भरपूर टर उडवली. साहेब आला, साहेब आला. मग हळूहळू शिकवलंही. पहाटे साडेचारची बस, दुपारच्या उन्हात तापलेले खिळे, संध्याकाळी कॅम्पमधल्या आठ खाटांच्या खोलीतली एक खाट. शारजाची खोली सुटली. पडद्यांचं काय झालं, मी विचारलं नाही.

नोकरी सोड की, असं तुम्ही म्हणाल. मीही म्हटलं होतं. व्हिसा रद्द केला तर वर्षभर परत येता येणार नाही असा शिक्का बसे. शारजाच्या हमरिया फ्री झोनमधल्या एका कंपनीला तो ड्राफ्ट्समन म्हणून हवा होता, तर मुदीर ना हरकत पत्र देईना. पासपोर्ट आमच्याकडे, माझ्या पाठीमागच्या लोखंडी कपाटात. सगळ्या कंपन्या तेव्हा तसंच करायच्या. किल्ली माझ्या पर्समध्ये असे, घराच्या किल्ल्यांच्याच जुडग्यात. आणि गावाला कायमचं जावं तर धाकट्या दोन बहिणींची लग्नं व्हायची होती, बाप अंथरुणाला खिळलेला, आणि सत्त्याण्णवमध्ये रुखसार झाली.

त्याने हमीदाला काही सांगितलं नव्हतं. एकदा ऑफिसात येऊन माझ्यासमोर उभा राहिला, पायातले बूट सिमेंटने पांढरे. म्हणाला, "ताई, तिचा फोन इथं आला तर म्हना, ड्रॉइंग रूममधी हायेत. तिचे वडील लई मानी हायेत." मी हो म्हटलं. काय करणार? हमीदा महिन्यातून एखादवेळी फोन करायची. अदबीने बोलायची, माझ्या मुलीची चौकशी करायची. मी सांगायची, आत्ताच ड्रॉइंग रूममध्ये गेलेत, निरोप देते. पुढे पुढे तर मी विचारल्याशिवाय सांगायला लागले, नवं प्रोजेक्ट आलंय, फार काम आहे त्यांना टेबलावर. खोटं बोलायचीही सवय होते.

घरी मी चिडचिड करायची. दत्तप्रसाद, माझा नवरा, पेपरमागून म्हणायचा, "तू काय लेबर मिनिस्टर आहेस? तुझं काम फॉर्म भरायचं." त्याने समजूत घालायलाच म्हटलेलं असे, पण नेमकं तेच माझ्या जिव्हारी लागायचं. वैभवी तेव्हा चौदाची. ती म्हणाली, "आई, व्हाय कान्ट ही जस्ट टेल देम द ट्रुथ?" मी तिच्यावर एवढी खेकसले की ती दोन दिवस बोलली नाही. नव्याण्णवचं रिन्यूअल असंच गेलं. सुतार.

दोन हजार दोनच्या रिन्यूअलआधी मी कंबर कसली. मुदीर जाऊन नवा आला होता, त्याला जुनी भानगड माहीत नव्हती. मी त्याच्या डोक्यावर बसून ड्राफ्ट्समनच्या एका जागेचा कोटा मंजूर करून घेतला. मोहिद्दीनच्या सर्टिफिकेटावर शिक्के होतेच. हमदुल्लाने चौकशी केली, आता बदल होतोय, शहाण्णवसारखं नाही. फक्त माणूस खरोखर त्या टेबलावर बसलेला दिसला पाहिजे, तपासायला येतात. पगार पुन्हा चार हजार. मी मोहिद्दीनला बोलावून सांगितलं, "हमीदाला तयारीला लागायला सांगा." तो समोरच्या खुर्चीत बसला. नऊ वर्षांत माझ्यासमोर तो पहिल्यांदाच न सांगता बसला. मग त्याने गावी फोन केला आणि तिकडे पासपोर्टासाठी मायलेकींचे फोटो निघाले. त्यातला एक त्याने मला आणून दाखवला. रुखसारचे पुढचे दोन दात पडलेले.

एक गोष्ट मात्र मी धरली नव्हती. ऑफिसात आता ड्रॉइंगचं टेबलच राहिलं नव्हतं. सगळं कॉम्प्युटरवर. आमचा इंजिनियर निखिल चांगला मुलगा, तो म्हणाला, "मॅडम, शुक्रवारी सुट्टीच्या दिवशी बोलवा त्यांना, मी शिकवतो." तीन शुक्रवार मोहिद्दीन धुतलेला शर्ट घालून आला. मी मुद्दाम ऑफिसात यायची, काम काढून. माउस त्याला नीट धरता येत नव्हता. बोटं जाड झालेली, उजव्या हाताच्या दोन बोटांना पुरतं वाकता येत नव्हतं. निखिल पुन्हा पुन्हा दाखवत होता, तो पुन्हा पुन्हा मान हलवत होता. तिसऱ्या शुक्रवारी निखिल म्हणाला, हाताने काढून दाखवा तरी, मी कॉम्प्युटरवर चढवीन. जुन्या सामानातून पेन काढून दिलं. मोहिद्दीनने एका पायरीचं चित्र काढलं. रेघा सरळ आल्या. अक्षरं लिहायला घेतली तेव्हा हात कापायला लागला. त्याने पेन खाली ठेवलं आणि निखिलला शुक्रिया म्हणून बाहेर गेला.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो माझ्या टेबलाशी आला. फॉर्म माझ्यासमोर होता, सगळा भरलेला, धंद्याचा रकाना सोडून. तेवढा त्याच्यासमोर भरायचा म्हणून मी ठेवला होता, कौतुकाने.

"ताई, ड्राफ्ट्समन नका लिवू."

"वेड लागलंय का तुम्हाला? निखिल सांभाळून घेईल."

"तपासायला आला नि म्हनाला, काढून दाखव, तर काय दाखवू? पकडला तर शिक्का बसंल. बहिनीचं लगीन डिसेंबरात हाय. सुतार हाय म्हनून कोन माजी परीक्षा घेनार नाय. कामात आता मला कोन हरवनार नाय."

"आणि हमीदा? पोरगी?" माझा आवाज चढला. शेजारच्या टेबलावरची मुलगी बघायला लागली, बघेना का. "तिला काय सांगणार आहात तुम्ही?"

तो खिडकीकडे वळला. मग म्हणाला, "तेवढा तुमीच सांगा, ताई. माज्याच्यानं होनार नाय." आणि दाराबाहेर जाऊन उभा राहिला.

मी फोन लावला. हमीदाने उचलला, सलाम केला, वैभवीची चौकशी केली. मी शब्द जुळवत बसले. म्हटलं, हमीदा, यायचं ह्या वेळीही जमत नाहीये. व्हिसाचं काम अडलंय. आणि तुला आणखी एक सांगायचंय, मोहिद्दीनचं काम म्हणजे, ते ऑफिसात, म्हणजे टेबलावर...

"मला ठावं हाय, ताई," ती म्हणाली.

मी रिसीव्हर दुसऱ्या कानाला लावला.

"दर सुट्टीला घरी येतात. मी त्यांचे हात बघितले नसतील का? लेकीला उचलून घेतात तर तिच्या फ्रॉकचे धागे निघतात. सहा वर्षां झाली मला ठावं हाय."

"मग बोलली का नाहीस कधी?"

"त्यांनी येवढा जपलंय मनापासनं, मी कशाला मोडू? तुमीपन सांगू नका मी बोलली म्हनून. अब्बा इचारतात तर मी म्हनते, ड्रॉइंग रूममधी हायेत." मग तिने विचारलं, "ह्याच्यापुढं कधीच नाय ना आता?"

"नाही," मी म्हटलं. तिला खोटं सांगायचं माझ्यात आता त्राण नव्हतं. तिने रुखसारला हाक मारली, कसलं तरी दूध उतू जातंय म्हणाली, आणि फोन ठेवला.

मोहिद्दीन आत आला. तो माझ्या तोंडाकडे बघत होता. मी सांगितलं, हमीदा म्हणाली, काही हरकत नाही, तुमच्या ऑफिसच्या कामाला जपा. ऑफिसचं नाव ऐकून त्याच्या चेहऱ्यावर सुटका दिसली, आणि ती बघवेना म्हणून मी फॉर्म पुढे ओढला. धंद्याच्या रकान्यात शटरिंग कारपेंटरचा नंबर लिहिला. नऊ वर्षांत पहिल्यांदाच मी तो बरोबर भरला होता.